दोष सांखळीचा कीं आपला?

यंत्र अडलें म्हणजे त्याचा जो भाग डोळ्यांसमोर दिसतो त्यालाच दोष देऊन मोकळें व्हावयाचें, ही मनुष्याची जुनी खोड आहे. सायकलीस एंजिन जोडून घेणाऱ्या हौशी तरुणांच्या तोंडून तर हें गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें. "सांखळी उतरली," "सांखळी तुटली," "सांखळी चाकांत अडकली," "दुकानदारानें हलकी चेन गळ्यांत बांधली," असे उद्गार कानीं पडतात. नवी सांखळी येते, चार दिवस सुखाचे जातात, आणि पांचव्या दिवशीं पुन्हां तोच पाढा! आमच्या मतें अशा बहुतेक प्रसंगीं सांखळी निर्दोष असते. दोष तिच्या शेजाऱ्यांत असतो, आणि त्या शेजाऱ्यांकडे न पाहणाऱ्या आपणांत असतो. हें मत आम्हांस पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. घरांतील एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाच्या मोलानें तें मिळालें आहे. म्हणूनच तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

कोणी म्हणेल, शाळेच्या वार्षिकांत निबंध असावे, कविता असाव्या, प्रवासवर्णनें असावीं. तेथें काळ्या तेलकट सांखळीस जागा कशाला? परंतु ज्या वस्तूच्या बिघाडानें धडधाकट मुलगा क्षणार्धांत तोंडघशीं पडूं शकतो, ती वस्तु क्षुद्र मानणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय परिणामावरून कारणाकडे पायरीपायरीनें कसें जावें, हें शिकविण्यास सांखळीसारखें स्वस्त साधन आम्हांस तरी दुसरें ठाऊक नाहीं.

ज्यांनीं असें वाहन जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं त्याचें थोडें वर्णन करितों. साध्या सायकलीच्या सांगाड्यांत जो मधला त्रिकोण असतो, त्यांत एक लहानसें दोन-स्ट्रोकी पेट्रोल एंजिन बसवितात. एंजिन व त्याचें सर्व साहित्य एका खोक्यांत विकत मिळतें, आणि घेणारा तें स्वतःच सायकलीवर चढवितो. सायकलीची मूळची सांखळी उजव्या बाजूस असते, ती पायडल मारण्यासाठीं. एंजिनाची सांखळी डाव्या बाजूस असते. एंजिनाजवळचें दांतेरी चाक अगदीं लहान, बहुधा १० दांत्यांचें; मागचें मोठें, बहुधा ४४ दांत्यांचें. हें मोठें दांतेरी चाक मोटारसायकलीप्रमाणें मधल्या हबवर पक्कें बसविलेलें नसतें. आऱ्यांच्या आंतून एक व बाहेरून एक अशा रबराच्या दोन चकत्या ठेवून नऊ बोल्टांनीं तें आऱ्यांवरच आवळलेलें असतें. सांखळी लोंबूं नये म्हणून मागच्या दांड्यावर एक लहान कप्पी बसवितात. ती सांखळीच्या खालच्या पदरास दाबून धरते. वाचकांनीं ही कप्पी ध्यानांत ठेवावी. पुढच्या कथेंत तिचा मोठा भाग आहे.

सांखळीची ही जात कांहीं आजची नव्हे. स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या व इंग्लंडांत मँचेस्टर येथें कारखाना चालविणाऱ्या हान्स रेनोल्ड या यंत्रज्ञानें १८८० सालीं तिला आजचें रूप दिलें. दोन पट्ट्यांस जोडणारी खीळ, खिळीभोंवतीं एक नळी, आणि नळीभोंवतीं फिरणारा रूळ, अशी तिची रचना. दांत्यावर घांसतो तो रूळ, आणि तो फिरता असल्यामुळें झीज कमी होते. पुढें १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें 'रोव्हर' नांवाची सायकल पुढें आणली, आणि सांखळीनें मागचें चाक फिरविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. म्हणजे जी वस्तु शंभरांवर वर्षें जगभर इमानानें चाकरी करीत आली आहे, ती आपल्याच दारीं येऊन वरचेवर बेइमान कां व्हावी, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावयास हवा होता. आम्हीं तो वेळेवर विचारला नाहीं.

आमच्या पुतण्यानें, वय वीस वर्षांचें, असें एक एंजिन आणून आपल्या जुन्या सायकलीवर बसविलें. तें सार्वजनिक रस्त्यावर न्यावयाचें नाहीं, केवळ आमच्या मळ्यांतील वाटेवर चालवावयाचें, आणि डोक्यास हेल्मेट घातल्यावांचून बसावयाचें नाहीं, अशा दोन अटींवर आम्हीं संमति दिली. पहिल्या आठवड्यांत सांखळी चार वेळां उतरली. आम्हीं म्हटलें, सांखळी वाईट, दुसरी आण. दुसरी सांखळी जोडाशीं तुटली. आम्हीं म्हटलें, हीहि वाईट. तिसरी आण, व या खेपेस चांगली महागांतली आण. तिसरी आली. त्यानंतरच्या रविवारीं सायंकाळीं पुतण्या विहिरीकडून येणाऱ्या उतारावरून खालीं येत होता. उतार म्हणून त्यानें मूठ सोडून पेट्रोल बंद केलें, आणि त्याच क्षणीं कडाडकन् आवाज होऊन मागचें चाक जागच्याजागीं थिजलें. सायकल आडवी फरफटत गेली. मुलगा हातावर आपटला. डोकें दगडावर आदळलें तें हेल्मेटासकट, म्हणून वांचलें. उजवें मनगट मात्र मोडलें. धांवत जाऊन पाहतों तों ताण देणारी कप्पी दांड्याभोंवतीं फिरून आऱ्यांत घुसलेली, सात आरे तुटलेले, आणि नवी कोरी महाग सांखळी त्या गुंत्यांत धडधाकट! त्या सायंकाळीं आम्हांस प्रथम उमगलें कीं, आपण तीन सांखळ्यांस शिक्षा केली, आणि अपराधी भलताच होता.

सायकल घेऊन आम्ही शेजारच्या सायकलवाल्याकडे गेलों. त्यानें पाहून सांगितलें, "साहेब, हें मोटारीचें काम आहे." मोटारसायकलीच्या मिस्त्रीकडे गेलों, तो म्हणाला, "ही तर सायकल आहे." दोघेहि प्रामाणिक होते, आणि दोघांचेंहि बरोबर होतें. या वाहनास कुळ नाहीं. कारखान्यांत जुळलेलें तें नव्हे, म्हणून त्याचा कोणी जामीनदारहि नाहीं. ज्यानें जुळविलें त्यानेंच तें ओळखावयाचें. तेव्हां पुतण्याचा हात गळ्यांत अडकविलेला असतांनाच आम्ही दोघे ओसरीवर बसलों; तो सांगे व आम्ही करूं. चार सायंकाळ गेल्या. त्या चार सायंकाळीं जें शिकलों तें आतां क्रमानें सांगतों.

आरंभीं एक नियम, आणि त्यास अपवाद नाहीं. सांखळीस हात लावण्यापूर्वीं एंजिन बंद, पेट्रोलची तोटी बंद, आणि प्लगावरील टोपी काढून बाजूस. चालू एंजिनाच्या सांखळीवर फडकें धरून ती पुसणारे बहाद्दर आम्हीं पाहिले आहेत. २६ इंची चाक ताशीं ३० किलोमीटर वेगानें फिरत असतां सेकंदास सुमारें चार फेरे घेतें, आणि प्रत्येक फेऱ्यास ४४ कड्या दांत्यांवरून जातात. म्हणजे सेकंदास सुमारें १७५ कड्या. फडकें ओढलें गेल्याचें मेंदूस कळेपर्यंत बोट राहिलेलें नसतें. हातानें चाक फिरवून पुसतांनासुद्धां, सांखळी दांत्यांत जेथें शिरते तेथें हात कधींहि नेऊं नये. दोन्ही दांतेरी चाकांपासून दूर, पदराच्या मध्यावर फडकें धरावें.

पहिल्या सायंकाळीं आम्हीं कशासहि पाना लावला नाहीं, केवळ पाहिलें. सायकल स्टँडवर घेऊन, मागें जमिनीवर बसून, एक डोळा मिटून सांखळीची रेघ पाहिली. दोन्ही दांतेरी चाकें एका पातळींत असलीं तर सांखळी सुतासारखी सरळ दिसते. आमची सरळ नव्हती. मोठ्या चाकापासून निघून एंजिनाकडे जातां जातां ती पाव इंच तरी बाजूस वळत होती. कारण शोधतां असें दिसलें कीं, तें मोठें दांतेरी चाक सपाट नसून बशीसारखें किंचित खोलगट असतें, आणि खोलगट अंग आंत ठेवावें कीं बाहेर यावर सांखळीची रेघ ठरते. आम्हीं तें उलटें बसविलें होतें. वांकड्या रेघेनें ओढली जाणारी सांखळी प्रत्येक दांत्यावर कडेनें चढूं पाहते, आणि जरा ढिली पडली कीं उतरते. पहिल्या आठवड्यांतील चार वेळांचें उतरणें तें हेंच. सांखळी बिचारी ओरडून सांगत होती. आम्हीं तिलाच हांकलून दिलें.

दुसऱ्या सायंकाळीं मोठ्या दांतेरी चाकाचा हेलकावा पाहिला. मागच्या दांड्यास सुतळीनें एक पेन्सिल अशी बांधली कीं तिचें टोंक दांत्यांच्या कडेस जेमतेम भिडावें. मग चाक सावकाश फिरविलें. कांहीं जागीं दांते पेन्सिलीस घांसत, कांहीं जागीं दूर जात. म्हणजे चाक डाव्या-उजव्या अंगास डोलत होतें. मग पेन्सिल वरच्या बाजूनें धरून पाहिलें, तों तें वरखालींहि होत होतें. कारण उघड होतें. आऱ्यांवर आवळावयाचें म्हणून त्याच्या मधलें छिद्र हबपेक्षां मोठें असतें, आणि तें मधोमध बसविण्याचें काम सर्वस्वीं आपल्या डोळ्यांवर असतें. एका बाजूचे बोल्ट आधीं कडक पिळले कीं रबर तिकडे दबतें आणि चाक कलतें. उपाय असा कीं, प्रथम सायकलीचें चाकच सरळ फिरतें कीं नाहीं तें पाहून घ्यावें. मग नऊहि बोल्ट किंचित सैल करून, दांतेरी चाक हलक्या ठोक्यांनीं मध्यावर आणून, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. रबर बसतें म्हणून थोडें अंतर चालविल्यावर पुन्हां पाना फिरवावा. हें काम धीराचें आहे. आम्हांस तीन तास लागले, आणि पुतण्या म्हणाला, "काका, बसवितांना मीं यास दहा मिनिटें दिलीं होतीं."

तिसऱ्या सायंकाळीं त्या कुप्रसिद्ध कप्पीचा विचार केला, आणि तोच आमच्या मतें सर्वांत उद्बोधक ठरला. एंजिन चाकास ओढतें तेव्हां सांखळीचा वरचा पदर ताठ असतो व खालचा सैल. म्हणून कप्पी खालच्या, सैल पदरावर बसवितात. इथपर्यंत ठीक. परंतु उतारावर मूठ सोडली म्हणजे काय होतें? आतां एंजिन चाकास ओढीत नाहीं. चाकच एंजिनास फिरवितें. ओढणारा बदलला कीं ताठ होणारा पदरहि बदलतो. वरचा सैल पडतो आणि खालचा एकाएकीं ताठ होतो. त्या हिसक्यानें खालच्या पदरावर दडपून बसलेल्या कप्पीस जोराचा धक्का बसतो. तिची पकड दांड्यावर पक्की नसेल तर ती दांड्याभोंवतीं फिरते, आणि शेजारींच आरे असतात! पायडल मारीत जाऊन क्लच सोडून एंजिन सुरू करितांनाहि हाच हिसका बसतो. म्हणजे प्रत्येक प्रारंभीं कप्पी थोडी थोडी सरकत आली असली पाहिजे, आणि उतारावर तिनें उरलेलें अंतर काटलें. अपघात त्या रविवारीं झाला असें आपण म्हणतों. खरें पाहतां तो तीन आठवडे होतच होता.

यावर उपाय दोन. एक, कप्पी ठेवावयाची तर तिची पट्टी दांड्यास अशी पक्की करावी कीं ती कोणत्याहि हिसक्यानें फिरूं नये, आणि तिची चाकोरी सांखळीच्या रेघेशीं तंतोतंत जुळावी. दुसरा उपाय आम्हांस अधिक पसंत आहे: सांखळीची लांबीच बरोबर राखावी, म्हणजे कप्पीची गरजच उरूं नये. मागचें चाक थोडें मागें सरकविलें कीं सांखळी ताणली जाते. परंतु येथें एक अडचण आहे. त्याच चाकावर उजवीकडची पायडलाची सांखळीहि आहे, आणि चाक सरकविलें कीं दोन्ही एकदम ताणल्या जातात. दोन धन्यांचा हा एक चाकर! एकीचें समाधान करावें तर दुसरी रुसते. तेव्हां कड्या कमी करून, व हवी असल्यास एक अर्धी कडी घालून, दोन्ही सांखळ्यांचा मेळ बसवावा लागतो. ढिलाई किती ठेवावी? पदराच्या मध्यावर बोटानें वरखालीं केलें असतां सांखळी सुमारें अर्धा इंच हलावी. हें माप चाक फिरवून, सांखळी जेथें सर्वांत ताठ होते त्या जागीं घ्यावें. ढिल्या जागीं माप घेऊन ताणली तर ताठ जागीं ती इतकी आवळते कीं एंजिनाचे व हबचे बेअरिंग त्याची किंमत देतात.

चौथ्या सायंकाळीं आम्हीं टाकून दिलेल्या दोन सांखळ्या पत्र्याच्या डब्यांतून बाहेर काढिल्या. सांखळी जुनी झाली म्हणजे ती लांबते असें म्हणतात. परंतु तिची पट्टी रबरासारखी ताणली जात नाहीं. प्रत्येक खीळ व नळी यांची किंचित झीज होते, आणि कडीकडीची ती सूक्ष्म फट मिळून लांबी वाढते. दोन खिळींतील अंतर अर्धा इंच असतें. म्हणून २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली पाहिजे. ती १२ इंच व वर १/८ इंच भरली कीं सांखळीची सेवा संपली असें समजावें. मग ती दांत्यांच्या बुडाशीं न बसतां वर चढून बसते, आणि दांत्यांसहि आंकड्यासारखें वांकडें करून टाकते. अशा झिजलेल्या दांत्यांवर नवी सांखळी घालणें म्हणजे नवें धोतर कांट्यांवर वाळत घालणें होय. आम्हीं शाळेंतील साध्या फूटपट्टीनें दोन्ही सांखळ्या मोजल्या. पहिली १२ इंच. दुसरीहि १२ इंच, तिची फक्त जोडकडी गेलेली. ती कां गेली तेंहि कळलें. जोडकडीवर जी लहान कमानदार पट्टी असते, जीस दुकानांत लॉक म्हणतात, तिचें मिटलेलें तोंड सांखळी ज्या दिशेनें धावते त्या दिशेस असावें लागतें. आमचें उलटें होतें. फटीचें तोंड पुढें असल्यामुळें तें कप्पीच्या पट्टीस घांसून निघून गेलें. दोन्ही सांखळ्या निरपराध होत्या, आणि आम्हीं त्यांस गंजत टाकिलें होतें. खरें सांगावयाचें तर त्या फूटपट्टीपुढें आम्हांस लाज वाटली.

आणखी दोन गोष्टी संक्षेपानें सांगतों. एंजिनाच्या कंपनानें त्यास धरून ठेवणारे नट हळूहळू सैल होतात, आणि मग जोर लागतांच एंजिन सांखळीच्या ओढीनें किंचित वळतें. तें वळलें कीं सरळ केलेली रेघ पुन्हां वांकडी. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वीं नट पाहावे. दुसरी गोष्ट तेलाची. तेल हवें तें खीळ व नळी यांच्या मध्यें, सांखळीच्या बाहेरील अंगास नव्हे. बाहेर थापलेल्या तेलावर उन्हाळ्यांतील धूळ बसली कीं तें तेल राहत नाहीं, कानस होतें. आणि पावसाळ्यांत तेल न दिलेली सांखळी एका रात्रींत तांबडी होते. घासलेटानें धुवावी, पूर्ण वाळूं द्यावी, प्रत्येक रुळावर एक थेंब सोडावा, आणि वरचें जास्तीचें तेल पुसून टाकावें. सायकलवाल्याकडची साधी सांखळी मात्र येथें चालत नाहीं. खिळींतील अंतर तेंच असलें तरी साध्या सांखळीची आंतील रुंदी १/८ इंच असते, आणि एंजिनासाठीं जी ४१५ क्रमांकाची सांखळी येते तिची ३/१६ इंच. जाड दांत्यावर अरुंद सांखळी बसावी कशी?

आतां पालकांस दोन शब्द. आमचा अनुभव ऐकून कित्येक म्हणतील, "असलें वाहनच नको, मुलांस बंदी करावी, म्हणजे झालें." या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि कायदाहि पुष्कळ अंशीं त्यांच्याच बाजूस आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याप्रमाणें चारांहून कमी चाकांच्या वाहनाचें एंजिन २५ घनसेंटिमीटरांहून मोठें असलें कीं तें मोटार वाहन ठरतें, मग त्यास पायडल असोत वा नसोत. आणि या खोक्यांतून येणारीं एंजिनें बहुधा त्याहून मोठींच असतात. असें वाहन नोंदणीवांचून व परवान्यावांचून रस्त्यावर नेतां येत नाहीं. सोळा वर्षांखालील मुलास परवानाच मिळत नाहीं. सोळा ते अठरा या वयांत तो फक्त ५० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरता, आणि तोहि पालकांच्या लेखी संमतीनें. २०१९ च्या दुरुस्तीनें तर अज्ञान मुलानें वाहन चालवून अपराध केल्यास पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. तेव्हां "एकदां चौकापर्यंत जाऊन येऊं दे" असें म्हणणारे प्रेमळ वडील आपल्या मुलाचें व आपलें कोणतें हित साधतात, याचा त्यांनीं विचार करावा.

परंतु बंदीनें प्रश्न सुटतो असें आम्हांस वाटत नाहीं. बंदी केलेला मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर मोटारसायकलीवर बसणारच, आणि तिलाहि बहुधा सांखळीच असते. विजेच्या सायकली आतां रस्त्यांवर दिसतात. त्यांपैकीं ज्यांची मोटर चाकाच्या हबमध्येंच असते त्यांस मोटरीची निराळी सांखळी लागत नाहीं, पण ज्यांची मोटर पायडलांपाशीं असते त्यांच्या एकाच सांखळीवर पाय व मोटर अशा दोघांचा भार पडतो. सांखळीपासून पळून जाण्यास जागा थोडी. मग ज्या मुलानें आयुष्यांत एकदांहि सांखळी काढून मोजली नाहीं, त्याच्या हातीं वेग देण्यापूर्वीं आपण त्याच्या हातीं पाना कां देऊं नये?

येथें दुसरा आक्षेप येतो: "मिस्त्री कशासाठीं आहेत? मुलानें अभ्यास करावा. हात काळे करणें त्याचें काम नव्हे." मिस्त्रींविषयीं आम्हांस आदर आहे, आणि तो त्या चार सायंकाळींनंतर दुणावला आहे. परंतु मिस्त्रीकडे जाण्यासहि काय बिघडलें हें सांगतां यावें लागतें. "चेन बदला" असें ज्यानें जाऊन सांगितलें, त्याची चेन बदलली जाते. रेघ वांकडीच राहते. आणि अभ्यासाविषयीं म्हणाल, तर ओढणारा बदलला कीं ताठ पदर बदलतो, हा एक सिद्धांत आमच्या पुतण्याच्या मनांत जितका ठसला तितका पदार्थविज्ञानाचा दुसरा कोणताहि ठसला नसेल. दुःख इतकेंच कीं तो शिकण्यासाठीं त्यास मनगट द्यावें लागलें. जें ओसरीवर बसून चार सायंकाळांत फुकट शिकतां येत होतें, तें आम्हीं त्यास उतारावर शिकावयास लाविलें; आणि यांत त्याच्यापेक्षां आमचा दोष अधिक, कारण तीनदां "नवी सांखळी आण" असें सांगणारे आम्हीच होतों.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. शालान्त परीक्षेस बसण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें, आणि प्रत्येक विद्यार्थिनीनेंहि, एका साध्या सायकलीची सांखळी स्वतःच्या हातानें काढावी, धुवावी, फूटपट्टीनें मोजावी, तेल द्यावें, पुन्हां चढवावी व तिची ढिलाई तपासावी. त्यासाठीं एंजिन नको, मोठी कार्यशाळा नको. शाळेच्या मागच्या पडवींत एक जुनी सायकल, दोन पाने, एक पकड, थोडें घासलेट व जुनीं फडकीं एवढें पुरे. पालकांनीं घरीं हेंच करावें. मुलगा एंजिनाचा हट्ट धरील तेव्हां त्यास "नाहीं" म्हणण्यापूर्वीं, अथवा "घे" म्हणण्यापूर्वींहि, त्यास इतकेंच विचारावें, "आपल्या सायकलीची सांखळी २४ कड्यांस किती भरते?" ज्याला उत्तर ठाऊक नाहीं त्याची अद्याप वेळ आलेली नाहीं. ज्यानें मोजून उत्तर आणलें, त्याच्याशीं पुढचें बोलावें.

आमच्या पुतण्याचें मनगट आतां बरें झालें आहे. ती सायकल आज पुन्हां मळ्यांत चालते. कप्पी काढून टाकिली आहे, आणि तिच्यावर जी सांखळी आहे ती तिसरी महागांतली नव्हे. ज्या पहिल्या सांखळीस आम्हीं "वाईट" म्हणून डब्यांत टाकिलें होतें, तीच धुऊन चढविली आहे. त्यानंतर ती एकदांहि उतरलेली नाहीं.